दुसऱ्या खिडकीला दिलेलं नाव

प्रमोदिनी आत्याच्या उशाशी दोन मोबाईल असतात. एक तिचा. दुसरा तिच्या नवऱ्याचा, अवधूतकाकांचा. काका गेले, तरी तो रोज चार्जिंगला लागतो. वाजला की आत्या उचलते. पलीकडून कुणीतरी विचारतं, "अवधूतसर हायत का?" आत्या म्हणते, "मी बोलतेय, सांगा." सर आहेत की नाहीत, ते ती सांगत नाही. पलीकडच्यालाही बहुतेक ते ऐकायचं नसतं. त्याचा प्रिंटर अडकलेला असतो.

एम.ए.ची दोन वर्षं मी तिच्याकडे सांगलीत होते. गावभागातलं घर, खालच्या खोलीत ऑफिस. ऑफिस म्हणजे दोन टेबलं, दोन संगणक आणि भिंतीवर दोन हजार एकोणीसच्या पुराची तपकिरी रेघ. आत्या आणि काका मिळून गावोगावच्या संस्थांसाठी प्रोग्रॅम लिहायचे. दूध संस्था, वाचनालयं, पाणी संस्था. इंटरनेटशिवाय, ऑफिसातल्या एकाच संगणकावर वर्षानुवर्षं चालणारे प्रोग्रॅम. पडद्यावरच्या खिडक्या काका करायचे: यादी कुठं, बटण कुठं, कुठल्या खिडकीतून कुठली उघडेल. त्यामागची माहितीची मांडणी आत्याची. गावोगाव काका जायचे, त्यामुळे लोकांना तेच माहीत. प्रत्येक प्रोग्रॅमच्या पहिल्या खिडकीत तळाला त्यांचाच नंबर असे.

काका एका दुपारी जेवून उठताना गेले. तेरावं झालं, आणि चौदाव्या दिवशी सकाळी दहा वाजता आत्या आपल्या टेबलाशी येऊन बसली. ती रडली असेल तर मी पाहिलेलं नाही. चहात साखर पडली की नाही, हे पिऊनही तिला सांगता यायचं नाही. विचारलं की म्हणायची, "असेल." उन्हाळ्यात पंखा लावायची राहून जायची. कुणी लावला की तो सुरू झाल्याचंही तिच्या लक्षात यायचं नाही. काकांचा संगणक तिनं एकदाही चालू केला नाही. एखाद्या संस्थेचं काही बिघडलं तर ती आपल्या बाजूनं ठिगळ लावून द्यायची. त्यांच्या खिडक्यांना हात लावायची नाही.

फेब्रुवारीतल्या एका बुधवारी सकाळी काकांचा फोन वाजला. तारगाव स्टेशनाच्या पुढं, रहिमतपूरच्या अलीकडं एक गाव आहे. तिथं कृष्णेचं पाणी उचलून शेतांना देणारी सहकारी संस्था आहे. तिथल्या ऑपरेटर पूजाचा तो फोन होता. आत्यानं स्पीकर लावला, कारण तिचे हात कीबोर्डवर होते.

"अवधूतसर?"

"मी बोलतेय. सांग."

"मॅडम, माझ्या हातनं एक माणूस मेला."

आत्यानं पेन उचललं. "नाव?"

"गुंडा ज्योतिबा निकम."

"मयत लावायचा नव्हता?"

"लावायचा हुता. पण दुसरा. ह्याच नावाचा."

हळूहळू उलगडा झाला. निकमांच्या घरात एकाच नावाची दोन माणसं. आजोबा गुंडा ज्योतिबा, सभासद क्रमांक एक्केचाळीस. त्यांचा मुलगा ज्योतिबा. आणि ज्योतिबाचा मुलगा पुन्हा गुंडा ज्योतिबा. तो अठरा वर्षांचा झाला तेव्हा आजोबांनी ओढ्याकडचे वीस गुंठे त्याच्या नावावर केले, म्हणून तोही सभासद, क्रमांक तीनशे अठरा. हा मुलगा भरतीच्या तयारीसाठी रोज पहाटे डांबरी रस्त्यावर पळायचा. जानेवारीत, अंधारातच, उसाच्या ट्रॉलीनं त्याला उडवलं. एकवीस वर्षांचा होता. महिन्यानं ज्योतिबा मृत्यूचा दाखला घेऊन संस्थेत आला, टेबलावर ठेवून निघून गेला. पूजानं यादीत 'गुंडा' शोधलं, दोन ओळी आल्या. तिनं खालच्या ओळीवर क्लिक केलं, माहितीची खिडकी उघडली, नाव बरोबर होतं, तिनं 'मयत' वर खूण केली आणि जतन केलं. यादीत परतली तर एक्केचाळीस नंबरची ओळ राखाडी झालेली.

"मॅडम, मी खालच्याच गुंडावर क्लिक केलं हुतं. शप्पथ. सेक्रेटरी म्हणत्यात, डोळ्यात माती गेलती का तुझ्या?"

"माती गेली नव्हती," आत्या म्हणाली. "परत उघडून बघ. खालची ओळ."

दोन मिनिटं माऊसचा आवाज येत राहिला. "वरचाच उघडतोय."

ती नोंद आता पूजाला उलटवता येत नव्हती. एकदा मयत लावलं की खिडकीला कुलूप लागतं. पूर्वी मेलेले सभासद निवडणुकीच्या आदल्या दिवशी यादीत जिवंत होऊन मतदानाला यायचे, म्हणून संस्थेनंच काकांकडून ते करून घेतलं होतं. कुलूप फक्त आत्या काढू शकत होती, आणि तेही ज्याची नोंद आहे त्याच्या सहीच्या अर्जावर. शनिवारी पुढचं पाळीपत्रक छापायचं होतं. पाळीपत्रक म्हणजे कुणाच्या शेताला कुठल्या दिवशी पाणी, त्याची यादी. मयत सभासद त्यात येत नाही. म्हाताऱ्याचा गहू निसवला होता, ओंब्या बाहेर आल्या होत्या. या पाण्यावरच त्याचा दाणा भरायचा होता.

"त्यांची सही घेऊन ठेव," आत्या म्हणाली. "मी उद्या येते."

"तेच तर, मॅडम. आबा सही द्यायला तयार न्हाईत."

आत्यानं कागदावर लिहिलं: सही नाही. पेन खाली ठेवलं. मग ती उठली, काकांच्या टेबलाशी गेली आणि त्यांच्या संगणकाचं बटण दाबलं. तो सुरू व्हायला बराच वेळ लागला. ती उभीच होती.

मी खुर्ची दिली. बसल्यावर म्हणाली, "एका खिडकीला दुसऱ्या खिडकीतलं काही दिसत नाही. पहिलीनं जाताना हातात जे दिलं, तेवढंच दुसरीला माहीत असतं. इथं नंबर द्यायला हवा. नंबर दिला असणार. मी त्याला तसंच सांगितलं होतं."

ओळ सापडली. नंबर दिलेला नव्हता. पहिली खिडकी दुसरीला नाव देत होती, आणि दुसरी त्या नावाचा जो पहिला माणूस सापडेल तो उघडत होती. ओळीच्या वर काकांनी इंग्रजी अक्षरांत मराठी टीप लिहून ठेवली होती. तारीख जून दोन हजार सहा. आत्यानं ती मोठ्यानं वाचली, किराणा सामानाची यादी वाचावी तशी. "निकमआबा रागावले. म्हणाले, मी काय बैल हाय व्हय, शिंगाला नंबर लावायला? नंबर काढला. नावानंच उघडायचं. एका नावाचे दोन सभासद नाहीत, सेक्रेटरींना विचारून घेतलं."

तेव्हा ते खरंच होतं. धाकटा गुंडा त्या वर्षी दोन वर्षांचा असेल.

"जिवंत आजोबांचं नाव नातवाला कसं ठेवलं असेल?" मी विचारलं.

"ठेवलं असेल," आत्या म्हणाली.

तिनं खाली नवी ओळ लिहिली, नंबर देणारी. काकांची ओळ पुसली नाही. तिच्या सुरुवातीला एक एकेरी अवतरणचिन्ह टाकलं. ते टाकलं की संगणक ती ओळ वाचत नाही. माणसाला वाचता येते.

गुरुवारी आम्ही सकाळच्या पॅसेंजरनं निघालो. आत्या खिडकीशी बसली आणि पेनड्राईव्ह मुठीत धरून राहिली. ताकारीला कुणी काकड्या विकायला आलं, तिनं दोन घेतल्या आणि कराडपर्यंत तशाच मांडीवर ठेवल्या. तारगावला उतरून माणशी भाडं घेणाऱ्या वडापच्या जीपमध्ये बसलो. रस्त्याला उसाचं पाचट सांडलेलं होतं. एका वळणावर, कडेच्या बाभळीला, कुणीतरी झेंडूची माळ बांधली होती. ती वाळून काळी पडली होती. जीपमधलं कुणी तिकडं बघितलं नाही.

संस्थेचं ऑफिस म्हणजे पत्र्याची एक लांब खोली. पूजानं पाण्याचा तांब्या पुढं केला. सेक्रेटरी शिवतेज पस्तिशीचा, सतत किल्ल्या वाजवणारा. गुंडाआबा आधीच येऊन बाकावर बसले होते. धोतर, पांढरी बंडी, पायात टायरच्या चपला, हातात काठी. वय ऐंशीच्या आसपास. आम्ही आत आलो तेव्हा त्यांनी वर बघितलं नाही.

"आबा, ह्या मॅडम सांगलीस्नं आल्यात," शिवतेज म्हणाला. "तुमाला जिता करायला."

"कुणी बोलावलं हुतं?"

"आवं, असं काय करताय? सही टाका आन् मोकळं व्हा. परवा पत्रक लागतंय. गहू निसवलाय तुमचा. पानी नको व्हय?"

"नगो."

"बघा मॅडम. चार दिस झालं, हेच. बँकेत पेन्शन आणायला गेल्यावर कळंल, मेलेल्या माणसाला कोण दारात उभं करतंय ते."

"गड्या, तू किल्ल्या वाजवायच्या थांबव आदी," आबा म्हणाले. "डोस्कं उठलं."

शिवतेजनं किल्ल्या खिशात टाकल्या. आत्या आबांच्या समोरच्या खुर्चीत बसली. ती काही समजावेल, असं सगळ्यांना वाटत होतं. तिनं फक्त विचारलं, "नातवाला तुमचं नाव कसं ठेवलं?"

आबांनी पहिल्यांदा तिच्याकडं पाहिलं.

"मी मेलो हुतो म्हणून," ते म्हणाले. "एकवीस वर्सं झाली. मिरजंला दवाखान्यात हुतो. कावीळ. डॉक्टर म्हणला, आता घरी न्या. हिकडं घरात पोरगं जलमलं हुतं, त्येचं बारसं. म्हातारी म्हणली, त्येंचं काय खरं न्हाई, नाव तरी घरात ऱ्हाऊ दे. ठेवलं गुंडा. आन् तिसऱ्या दिशी मी जीपमदनं उतरून चालत घरात."

"गाव म्हणत हुतं," शिवतेज दारातून म्हणाला, "आबा, नाव देऊन टाकलं, आता परत कशाला आलास?"

"व्हय." आबांचा चेहरा किंचित हलला. "समदी म्हणायची. सुनंला सासऱ्याचं नाव घेता यीना. ती पोराला धाकलं म्हणायची. तेच पडलं. मी थोरला गुंडा, त्यो धाकला गुंडा. पाटाच्या पान्यावर, देवळात, लग्नाच्या पंगतीत, कुणाची कवा चूक झाली न्हाई."

त्यांनी काठीच्या टोकानं फरशीवरची एक कडेची भेग दाबून बघितली.

"एका घरात एका नावाची दोन माणसं ऱ्हात न्हाईत, म्हणायची म्हातारी माणसं. मी हसायचो. बाई, न्यायचं हुतं मला. वरच्याच्या यादीत घोळ झाला. नाव बघितलं आन् भलताच उचलला. तुमच्या कॉम्प्युटरनं ते बरुबर केलंय. मी मेलोय, धाकला हाय. आता ते तुमी बिघडवू नगासा."

पूजा कीबोर्डावरची धूळ बोटानं पुसत राहिली. बाहेर कुठंतरी मोटार सुरू झाली आणि पत्रा थरथरू लागला.

आत्याचा चेहरा काकड्या घेताना होता तसाच होता. "चूक वरच्याची असेल तर मला माहीत नाही," ती म्हणाली. "इथली आमची आहे. ती मी काल काढली." ती कुणामुळं झाली होती, हे तिनं सांगितलं नाही. त्या वेळी नाही, नंतरही नाही.

मग तिनं विचारलं, "शनिवारी पत्रक निघालं तर त्यात तीनशे अठरा असणार. ओढ्याकडचे वीस गुंठे. पाळी कधी येते त्याची?"

"बुधवारी," पूजा म्हणाली.

"पाळी आली की काय होतं?"

"पानी सोडणारा पाटकरी बांधावरनं हाक मारतो. ज्याची पाळी त्यानं ओ द्यायची आन् दारं धरायची, पानी वाफ्यात घ्यायचं."

"काय म्हणून हाक मारतो?"

पूजानं आबांकडं पाहिलं. "धाकला गुंडाऽऽ, म्हणून."

"तिथं बुधवारी कोण असेल?"

उत्तर आबांनीच दिलं. "सून असती. म्हशीला गवत कापती तिथं. रोज सकाळी."

आत्या पर्समध्ये काहीतरी शोधू लागली. तिनं काकांचा फोन काढला आणि टेबलावर ठेवला. "ह्यावर मला फोन येतात. अवधूत आहेत का, म्हणून. चौदा महिने झाले. मी उचलते."

"मंग काय सांगता त्यास्नी?"

"प्रिंटर कसा सोडवायचा ते सांगते."

आबा फोनकडं बघत राहिले. काळा, कडेचा रंग गेलेला, जुना फोन.

"तुमची सून काय सांगेल?" आत्यानं विचारलं.

ती उलटून बोलली नव्हती, आवाजही चढवला नव्हता. हे खरोखरच विचारावं, तसं विचारलं होतं. आबांनी काठी बाकाला टेकवून ठेवली आणि हात पुढं केला.

"आण गं तो कागूद."

अर्ज पूजानं आधीच लिहून ठेवला होता. मी गुंडा ज्योतिबा निकम, सभासद क्रमांक एक्केचाळीस, हयात असून माझा नातू गुंडा ज्योतिबा निकम, सभासद क्रमांक तीनशे अठरा, हा मयत आहे, तरी नोंद दुरुस्त व्हावी. आबांनी चष्मा लावून तो दोनदा वाचला. मग खाली सही केली, एकेक अक्षर काढत. एवढ्याशा कागदावर ते नाव तिसऱ्यांदा आलं.

आत्यानं पेनड्राईव्ह लावला. नवा प्रोग्रॅम बसवला, एक्केचाळीसचं कुलूप काढलं, खूण काढली, जतन केलं. मग यादीत 'गुंडा' शोधून खालच्या ओळीवर क्लिक केलं. या वेळी खालचाच उघडला. तो सभासद झाल्यापासून ही खिडकी त्याच्यासाठी पहिल्यांदाच उघडत होती. जन्मतारीख, गट नंबर, वीस गुंठे, मोबाईल.

आबा उठून मागं येऊन उभे राहिले. "ही त्येची?"

"हो."

"फोटू न्हाई व्हय ह्यात?"

"नाही. फोटोला जागा ठेवली नव्हती."

"बरं केलं."

आत्यानं चौकटीत खूण केली. प्रोग्रॅमनं विचारलं, जतन करायचे? होय, नाही. काकांनी घातलेला प्रश्न. आत्याचा हात माऊसवर थांबला. मी तिच्याकडं बघत होते. ती पडद्याकडं बघत होती. प्रिंटर सुरू व्हायची वाट बघताना ती अशीच बघायची.

"दाबा," आबा म्हणाले.

तिनं दाबलं. खिडकी मिटली. यादीत खालची ओळ राखाडी झाली, वरची काळी. आबांनी दोन्ही ओळी बघितल्या, आणि मग भिंतीवरच्या घड्याळाकडं.

"माझं पानी कवा?"

"सोमवारी," पूजा म्हणाली. "पयलीच पाळी. सकाळी सहाला."

ते काठी घेऊन निघाले. दारात शिवतेजनं त्यांना हात दिला, तो त्यांनी घेतला नाही. "हाय की जिता," म्हणाले.

आम्ही आवरत होतो तेव्हा शिवतेजनं पडद्याच्या तळाकडं बोट दाखवलं. "मॅडम, खाली सरांचाच नंबर ऱ्हाऊ द्यायचा? का तुमचा टाकताय?"

"राहू दे," आत्या म्हणाली.

परतीच्या गाडीत बसायला जागा मिळाली. शेणोलीच्या पुढं तिनं मांडीवरच्या पिशवीतून काकड्या काढल्या, एक मला दिली, दुसरी स्वतः खाल्ली. अर्धी झाल्यावर म्हणाली, "कडू आहे." मी माझी खाऊन पाहिली. खरंच कडू होती. गेल्या चौदा महिन्यांत कशाची तरी चव तिनं सांगितली, असं मला आठवत नव्हतं. ती उरलेलीही संपवून टाकली तिनं.

सोमवारी दहाच्या सुमाराला काकांचा फोन वाजला.

"अवधूतस... मॅडम. पूजा बोलतीय."

"बोल. पत्रक बरोबर निघालं?"

"निघालं. सकाळी आबांची पाळी झाली. सांगू का नको म्हणत हुते. पाटकऱ्याच्या तोंडातनं नावच निघंना, मॅडम. धाकल्याला संगं घेऊन पळायला जायचा तो, दोस्तच त्येचा. मंग त्यानं पत्रक बघितलं आन् बांधावरनं ओरडला, एक्केचाळीस नंबरऽऽ. आबा खोरं घेऊन तिथंच उभे हुते. ओच देईनात. ह्यो आपला परत एक्केचाळीस, परत एक्केचाळीस. पानी तसंच चाललंय पुढं."

"मग?"

"मंग आबा म्हणले, नावानं हाक मार की रं. आता एकच हाय."

पलीकडं पूजा नाक ओढत होती.

"पाणी पूर्ण बसलं का गव्हाला?" आत्यानं विचारलं.

"बसलं."

"बरं," ती म्हणाली. फोन ठेवला, बॅटरी बघितली आणि तो चार्जिंगला लावला.